मालक कॅमेरा निवडतात

आमच्या घरमालकांनी मला भाडेकरू म्हणून पसंत करायला सव्वा महिना घेतला. हायस्कुलात मास्तरकी मिळाली म्हणून मी कोकणातून अमरावतीला आलो होतो आणि ट्रंक-वळकटी घेऊन धर्मशाळेत पडलो होतो. बडनेऱ्याच्या रस्त्याला एका बागायतदाराच्या मळ्याला लागून दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून गेलो. मालकांनी मला सकाळी पाहून घेतलं आणि दुपारी बोलावलं. दुपारी भर उन्हात उभं करून पाहिलं आणि दिवेलागणीला बोलावलं. मी चिडून म्हणालो, "अहो, मी माणूस आहे. पाहायचंय काय एवढं?"

"रागाऊ नका मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "संत्रं सकायी येगळं दिसते, उन्हात येगळं दिसते अन् दिव्यापाशी येगळं दिसते. तिन्ही टायमाले सारखं दिसलं तं घ्याव. तुमी दुपारचे जरासे आंबट दिसता, पन चालते."

चालतं म्हणाले तरी पुढे महिनाभर कळवलं नाहीच. विचारायला गेलं की एकच उत्तर, "पाहून राहिलो."

हे "पाहून राहिलो" म्हणजे मालकांचं अर्धं आयुष्य होतं. काटकुळा देह, पांढऱ्या मिशा, खांद्यावर लाल रुमाल, आणि समोर येईल ती वस्तू डोळे बारीक करून न्याहाळायची सवय. मळ्यात संत्री, वांगी, मिरच्या आणि कडेने झेंडू. पण त्यांचं नाव होतं ते पारखेसाठी. भातकुलीचा माणूस बैलजोडी घ्यायला निघाला की आधी आमच्या दारात. अकोल्याकडे कोणाला जमीन घ्यायची असली की यांना गाडी पाठवून नेणार. तिथे हे काळ्या मातीचं ढेकूळ फोडून वास घेणार, चिमूटभर जिभेवर ठेवणार आणि मान हलवणार. होकारार्थी हलली तर सौदा, नाही तर बैलगाडी परत. एकाने जावईसुद्धा यांना दाखवून मग ठरवला होता. त्या जावयाला यांनी कितीदा चालवून पाहिलं, ते सांगत नाही.

दुसऱ्याचं निवडून देताना अर्धा दिवस पुरे होई, स्वतःचं काही घ्यायचं म्हटलं की मात्र संपलं. छत्री निवडण्यात तीन पावसाळे गेले, आणि ते तिन्ही पावसाळे मालक डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन हिंडले. घड्याळ मी राहायला यायच्या आधीपासून निवडणं चालू होतं. मालकीण गळक्या बादलीने पाणी भरायची, कारण नवी बादली अजून मनास येत नव्हती.

अशा माणसापुढे मी समुद्राची गोष्ट काढली, ही माझीच अवदसा.

झालं असं, एका संध्याकाळी ओसरीवर बसून मी माझ्या मामाच्या मचव्याबद्दल सांगत होतो. शिडाची बोट, वाऱ्यावर चालणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाबरोबर चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, बोटीवरच भात-मासे शिजवायचे, बोटीवरच झोपायचं. बोलता बोलता म्हणालो, समुद्राला दुसरा काठ दिसत नाही. आत दाराआड मालकीण तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"दुसरा काठच नाही म्हंता?" दाराआडून आवाज आला.

"नाही दिसत."

"मंग पानी थांबते कुठी?"

मी भूगोलाचं पुस्तक काढून पृथ्वी गोल असल्याचं वाचून दाखवलं. मालकीण माहेरची पातूरची. तळं पाहिलेलं, नदीचा पूर पाहिलेला, बस्स. थोड्या वेळाने ती आतूनच नवऱ्याला म्हणाली, "मले पाहाचा हाये."

मालक लगेच म्हणाले, "जाऊ." मी थक्क झालो. पण त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. "पन फोटोचं यंत्र घेऊन जाऊ. बिनकाठाचं पानी पायलं म्हनून सांगतलं तं इथं कोन मानते?"

बाजारात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. भाजीबाजारात एक अडत्या होता. लठ्ठ, पानाने तोंड कायमचं लाल झालेला, मालकांच्या नावावर वर्षानुवर्षं जळणारा. तो चारचौघांत म्हणाला, "दादा, बैल पारखनं अलग अन् मशीन पारखनं अलग. मशीनले दात नसतात मोजाले!"

सगळा बाजार हसला. मालकांना ते झोंबलं. अडत्याच्या ओट्यावर हात आपटून ते म्हणाले, "समुद्राचे फोटो आनून याच ओट्यावर ठेवतो. नाही आले तं माही पारख खोटी. मंग पुन्हा कोनाच्या बैलाले हात लावनार नाही!"

झालं. आता सहलीचा प्रश्न राहिला नाही, अब्रूचा झाला. मालकांनी अटी ठरवल्या. यंत्र खिशात मावलं पाहिजे. खाऱ्या हवेला भ्यायलं नाही पाहिजे. बोट हलली तरी चित्र हललं नाही पाहिजे. आणि बैलाच्या झुलीपेक्षा महाग नाही पाहिजे.

पहिलं वर्ष कॅटलॉगांत गेलं. मी मुंबईच्या दुकानांना पत्रं घालायची, जाडजूड कॅटलॉग यायचे, आणि मालक एकेका चित्रावर अंगठा ठेवून निकाल द्यायचे. "हा तोंडानं खोटा दिसते." "याची पाठ पाहा, भार सोसनार नाही." "हा बरा हाये, पन याच्या डोयात भेव हाये." मी इंग्रजी वाचून दाखवायचो, ते चित्रातल्या भिंगात नजर घालून बसायचे. असं करता करता वैशाख सरला आणि मामाचं पत्र आलं की मचवा किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली ठेवला, आता पावसाळा संपल्यावर बघू. पुढचे पंधरा दिवस मालकिणीने दोन्ही वेळा वांग्याचीच भाजी केली. मालकांनीच निवडलेली, एकही किडकं नसलेली उत्तम वांगी. पंधराव्या दिवशी मालक ताटाकडे पाहून कळवळून म्हणाले, "पुढच्या सालाले नक्की!"

दुसऱ्या वर्षी संक्रांत झाली आणि मालकीण दाराआडून म्हणाली, "यंदा यंत्र भेटलं तं ठीक. नाही तं मी मास्तरासंगं जातो."

मी दचकलो. मालक माझ्यापेक्षा जास्त दचकले, आणि दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका फोटोवाल्याकडून एक डब्याचा कॅमेरा आठ दिवसांच्या बोलीवर घेऊन आले. चांगला विटेएवढा डबा. आता बोटीवर तो कसा चालेल, हे बोटीशिवाय पाहायचं होतं. मालकांनी कडुलिंबाच्या फांदीला चार दोर बांधून त्यावर बाज टांगली. विहिरीच्या काठावर एक कोहळा ठेवला. स्वतः बाजेवर मांडी घालून बसले, डबा पोटाशी धरला आणि मला म्हणाले, "हालवा."

मी बाज हलवू लागलो.

"जोरानं! या लाटा हायेत का पाळना हाये?"

मी जोर लावला. फांदी करकरायला लागली. मालक मागेपुढे, मागेपुढे, रुमाल उडतोय, मिशा उडताहेत, आणि ते ओरडताहेत, "अजून! अजून! तुफान येऊ द्या!" तेवढ्यात मालकीण आतून भरली घागर घेऊन आली आणि तिने ती त्यांच्या अंगावर रिकामी केली. मालकांना राग येईल म्हणून मी थांबलो, तर ते भिजलेल्या मिशांतून म्हणाले, "हे बरं केलं! पानी राह्यलंच होतं!" त्यांनी खटका दाबला, दोर तुटला, आणि मालक बाजेसकट वांग्यांच्या वाफ्यात गेले. डबा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी वाफ्यातच बसून डब्याचं मागचं झाकण उघडलं आणि फिल्म भर उन्हात बाहेर ओढली.

"अहो, काय करताय!" मी किंचाळलो.

"टाकी लावून पाहून राहिलो." टरबूज घेताना बाजारात त्याला चाकूने चौकोनी टाकी लावतात, आतला गर लाल आहे की पांढरा ते पाहतात आणि मग घेतात. मालकांनी उभ्या आयुष्यात टाकी लावल्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांनी फिल्म उलटीपालटी केली, वास घेतला आणि म्हणाले, "यात तं काईच नाही. कच्चा माल हाये."

डबा परत गेला. फिल्मला ऊन लागलं की ती मरते, हे त्यांना पटवायला मला फार त्रास झाला. शेवटी मी म्हणालो, "कोंबडी अंड्यावर बसली असताना तुम्ही तिला उठवून, अंडं फोडून पिल्लू झालं का पाहता?"

"पागल हाय का मी?"

"तेच आहे हे."

मालकांनी रुमाल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. "मंग हे घेनं लय कठीन हाये, मास्तर," ते म्हणाले. "न पाहता भरोसा ठेवा लागते." मला त्या क्षणी त्यांची दया आली, खरं सांगतो.

मग अकोला. तिथे एका दुकानात घडीचा कॅमेरा आलाय असं कळलं आणि आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. दुकानदार मुंबईला काम शिकून आलेला, पांढरा कोट घातलेला, अदबीचा माणूस. त्याने काचेच्या कपाटातून एक चपटी काळी डबी काढली, खटका दाबला, आणि आतून चामड्याचा इवलासा भाता बाहेर येऊन त्याच्या टोकाला भिंग उभं राहिलं. बंद केलं की खिशात. मालकांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

पण पारख ती पारख. त्यांनी डबी दोन्ही तळव्यांवर तोलली. कानाशी धरून टिचकी मारली. भिंगात डोळा घालून इतका वेळ पाहिलं की दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. "डोया साफ हाये," मालक म्हणाले. मग त्यांना भात्याचा संशय आला. चामडं आहे, घडीला भोक असलं तर? त्यांनी खिशातून बिडी काढून पेटवली, मागचं झाकण उघडून झुरका आत सोडला, झाकण लावलं आणि भात्याच्या एकेका घडीला नाक लावून वास घेत बसले. दुकानदाराने कपाळाला हात लावला. धूर कुठूनही आला नाही. मालकांचा चेहरा उजळला.

राहिला भाव. मालकांनी खांद्यावरचा लाल रुमाल काढून दुकानदाराच्या हातावर पसरला आणि त्याखाली त्याची बोटं धरली. आमच्या बाजारात मोठा सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही. इथे चौथा कोणी नव्हताच. मालकांनी दोन बोटं दाबली. दुकानदार घाबरून म्हणाला, "अहो, मला काही होत नाहीये, सोडा!" मालकांनी आणखी एक बोट दाबलं. तो ओरडला, "मास्तर, हे काय करताहेत?"

"याले भावच समजत नाही," मालक वैतागून मला म्हणाले.

मी हसून हसून बाकावर आडवा झालो. अखेर मीच तोंडाने बोलून सौदा जमवला. बैलाची झूल, पण गोंड्यांसकट, असा भाव पडला. मालक म्हणाले, गोंडे चालतील.

वैशाखात आम्ही तिघे निघालो. बडनेऱ्याहून मुंबई, तिथून आगबोटीने मामाचं बंदर. मालकांनी किनाऱ्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि म्हणाले, "मीठ जास्ती झालं." मालकीण नुसती उभी राहिली. तिला मचव्यात बसायला चला म्हणून दोनदा सांगावं लागलं.

एका फिल्मवर आठ फोटो निघायचे आणि मालकांनी फिल्म एकच घेतली होती. "आठच हायेत मास्तर, निवडून काढा लागन." चार दिवस मचवा हिंडत होता आणि मालक निवडत होते. सूर्य पाण्यात बुडायला लागला, तर म्हणाले, उद्याचा याहून बरा असंन. भर पाण्यातला किल्ला आला, तर म्हणाले, दगूड तं आपल्याकडंबी हाये. मोठे मासे पाण्यातून उड्या मारत गेले, ते संपेपर्यंत यांची निवड संपली नाही. मधूनमधून पोटातलं सगळं समुद्राला देत होते, पण कॅमेरा छातीशी. मामा वैतागून मला म्हणाला, "अरे, ह्या गृहस्थाचा फोटो निघणार तरी कधी?"

मालक डोळे न उघडता म्हणाले, "पाहून राहिलो."

शेवटचा दिवस उजाडला. आठही फोटो कोरे. मला अडत्याचं लाल तोंड दिसू लागलं होतं.

दुपारी वारा उठला. मामाने शीड ताणून बांधलं आणि मचवा एका अंगावर कलून धावायला लागला. मालकीण डोलकाठीपाशी आमच्याकडे पाठ करून बसली होती. त्यांच्या घरात राहून इतकी वर्षं झाली, पण मी तिचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. भुवयांपर्यंत पदर आणि बोलणं दाराआडून, ही त्या घरची रीत. वाऱ्याने तिचा पदर उडवला. तिने धरला. पुन्हा उडवला, पुन्हा धरला. तिसऱ्यांदा एक लाट कडेवरून आत आली आणि तिच्या तोंडावर फुटली. पदर गेला, अंबाडा सुटला, केस वाऱ्यावर मोकळे झाले, आणि ती वळून हसायला लागली. तोंड उघडून, पोट धरून, अंगणात खेळणाऱ्या पोरीने हसावं तसं. "अजी," ती नवऱ्याला ओरडली, "पाहून काय राहिले! धरा ना मले, मी उडून चालली!"

मालकांनी तिला धरलं नाही. ते उठून उभे राहिले. मी त्यांची कंबर पकडली, नाही तर ते खात्रीने पाण्यात गेले असते. खटका दाबायचा, किल्लीने फिल्म पुढे सरकवायची. खटका, किल्ली. खटका, किल्ली. ज्या माणसाने छत्रीसाठी तीन पावसाळे घातले, त्याने आठही फोटो एका दमात काढून टाकले. निवडलं म्हणून काही नाही. मग खाली बसले आणि म्हणाले, "संपले."

परतीच्या वाटेवर अकोल्यालाच उतरलो. मालकीण तिथून मोटारीने पातूरला माहेरी गेली, आणि फिल्म धुऊन मिळेपर्यंत आम्ही दोघे थांबलो. दुकानदार फोटो घेऊन बाहेर आला तो नाचतच. एकही हललेला नाही, एकही काळा पडलेला नाही. मागे तिरपं शीड, फेस, आणि काठ नसलेलं पाणी थेट आभाळापर्यंत. पुढे मालकीण. "अकोल्यात असा फोटो कोणी काढलेला नाही," दुकानदार म्हणाला. "एक मी काचेत लावतो. लोक कॅमेरे मागत येतील."

"हे बायकोचं हासनं हाये जी, दुकानाचं नाही," मालक म्हणाले, आणि फोटो, फिल्म सगळं रुमालात बांधून घेतलं.

गाडीत मला आनंद आवरत नव्हता. "आता बाजाराच्या दिवशी आठही फोटो ओट्यावर मांडा! त्याचं पान घशात अडकलं पाहिजे!"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "हे? ओट्यावर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोकळ्या डोक्याची, मोकळ्या केसांची त्यांची बायको, आणि तो ओटा, ते पानाने रंगलेले हात, हातोहात फिरणारे फोटो. मी म्हणालो, कात्री लावू, समुद्र तेवढा वेगळा काढू. मालकांनी एक फोटो काढला आणि मूर्तिजापूरपर्यंत पाहत राहिले.

"कुठून कापू मास्तर?" ते म्हणाले. "केस तं सारे समुद्रातच गेले हायेत."

मालकीण पातूरहून परतली, तिने फोटो पाहिले, आणि बाजाराचा दिवस आला. अडत्याने मुद्दाम ओटा धुऊन ठेवला होता. बैलवाले, माळी, हमाल, सगळे गोळा झाले. "ठेवा दादा फोटो."

मालकांनी रुमालाने तोंड पुसलं. "नाही आले."

"काहून?"

"कॅमेरा खराब निंघाला. माही पारख चुकली."

क्षणभर कोणाला खरंच वाटेना. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मालकांनी आपली खिळे ठोकलेली वहाण माझ्या पायावर दाबली. मी तोंड मिटलं. आणि मग जो गलका उठला! अडत्याने तर त्यांना मिठीच मारली, इतका तो सुखावला होता. मग त्याने शेजारच्या ढिगातून एक टरबूज उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता निवडाचं काम आमच्याकडं. हे घेऊन जा दादा, मी पारखून देतो!"

सगळा बाजार पाहत होता. मालकांनी टिचकी मारली नाही. तोललं नाही, टाकी मागितली नाही. टरबूज खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. मी मागोमाग लंगडत निघालो. मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा अभिमानही वाटत होता.

घरी मालकिणीने ओसरीवर विळा घेऊन टरबूज कापलं. आतून पांढरंफटक.

"कोनं निवडलं हे?"

"अडत्यानं."

"अन् तुमी न पाहता घेतलं?"

"घेतलं." मग म्हणाले, "फोटो आलेच नाही म्हनून सांगतलं. यंत्र खराब निंघालं म्हनलं."

मालकिणीचा विळा थांबला. तिने एक पांढरी फोड त्यांच्यापुढे सरकवली. "यंत्र तं चांगलं होतं जी," ती हळूच म्हणाली.

"लय चांगलं होतं," मालक म्हणाले. "मीठ आन."

तिने मीठ आणलं. मालकांनी पांढऱ्या फोडीला मीठ लावलं, ती खाल्ली आणि दुसरी मागितली.